‘एका बैठकीचे’ तयार साहस तीन बैठका खाते, तेव्हा काय तपासावे

तक्रार एकच असते, सांगणारे बदलतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा त्याच जातीचा एखादा फाशांचा कथाखेळ नव्याने चालवू लागलेला डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा) ‘एका बैठकीत संपणारे, तीन ते चार तासांचे’ असे लिहिलेले आठ-दहा पानांचे तयार साहस, म्हणजे खेळण्यासाठी छापलेले कथानक, घेतो आणि रविवारी दुपारी चार-पाच जणांना घरी जमवतो. मंडळी हौसेने बसतात, आणि रात्री साडेआठला घराघरांतून फोन येऊ लागतात तेव्हा सात खोल्यांच्या बुरुजातली दुसरी खोली नुकतीच उघडलेली असते. उरलेला भाग ‘पुढच्या वेळी’ करायचा ठरतो. पुढच्या वेळी दोघे येत नाहीत, एक नवा येतो, आणि तिसऱ्या खेपेला आपण बुरुजात मुळात कशासाठी शिरलो होतो हे डीएमलाच वहीत पाहून सांगावे लागते.

दर आठवड्याला तेच पाच जण न चुकता भेटत असतील, तर साहस लांबल्याने कोणाचे काहीच बिघडत नाही आणि त्यांनी पुढचे वाचण्याचीही गरज नाही. सोलापुरात असा गट टिकवणे मला तरी जमलेले नाही. माझ्या पाच खेळाडूंपैकी दोघे पुण्यात नोकरीला आहेत. ते महिन्यातून एखाद्या शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने येतात आणि सोमवारी सकाळी त्याच गाडीने परत जातात. एकाचे औषधांचे दुकान आहे, तिथे माणूस मिळाला तरच त्याची सुटका होते. त्यात नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी वीसबाजूंच्या फाशावर वीस पडले तरी माणूस आधी बादली घेऊन उठतो. एका वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सुरू केलेले साहस जानेवारीच्या मध्यावर पूर्ण करायचे, असे आम्ही ठरवले. जानेवारीचा मध्य म्हणजे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, हे जन्माने सोलापूरकर असूनही माझ्या ध्यानात आले नाही. एकाच्या घरी नंदीध्वजाच्या सेवेची गडबड, दुसऱ्याच्या घरी अक्षता सोहळ्यासाठी आलेले पाहुणे, आणि उरलेले तिघे रोज संध्याकाळी गड्ड्यावर. फेब्रुवारीत बसलो तेव्हा बुरुजात कैद असलेला गावचा पुजारी कोणालाच आठवत नव्हता. तेव्हापासून एका बैठकीचे साहस एकाच बैठकीत संपवणे ही माझ्यासाठी हौसेची नव्हे, निकडीची बाब झाली.

बहुतेक डीएम या दुखण्याचे निदान ‘खेळाडू फार वेळ घेतात’ असे करतात, आणि उपाय म्हणून त्यांना घाई करू लागतात. मीही तेच केले. घाई केलेला खेळाडू निर्णय लवकर घेत नाही, तो फक्त अवघडल्यासारखा बसतो. खरा दोष बहुधा साहस वाचण्याच्या आणि मांडण्याच्या पद्धतीत असतो, आणि तो नेमका कुठे आहे हे अंदाजाने कळत नाही. त्यासाठी एक बैठक घड्याळ लावून मोजावी लागते.

आधी वेळ मोजावी

वहीच्या एका पानावर प्रसंग बदलला की फक्त वेळ लिहायची, दुसरे काही नाही. खेळाडूंना त्याबद्दल सांगू नये. डिसेंबरच्या त्या बैठकीची माझी नोंद अशी होती. ४ वाजता ठरलेला खेळ ४:३५ ला सुरू झाला. गावातील खानावळीत ५:३० वाजले. रस्त्याच्या प्रवासाला २० मिनिटे गेली. ५:५० ला चार लांडग्यांनी हल्ला केला, तो ६:५५ ला संपला. चहा आणि चिवडा ७:१५ पर्यंत. बुरुजाचे लोखंडी दार ८:०५ पर्यंत. मग २५ मिनिटांत दोन खोल्या, आणि ८:३० ला वही बंद.

एकूण २७० मिनिटांत बुरुजाच्या आत घालवलेला वेळ २५ मिनिटे, आणि साहसाचे नाव त्या बुरुजावरूनच होते! नोंद समोर ठेवली की वाद उरत नाही. लांडग्यांचा पुजाऱ्याशी, बुरुजाशी किंवा खलनायकाशी काडीचाही संबंध नव्हता, त्या मजकुरात ‘वाटेत हवे असल्यास’ एवढ्या शब्दांवर ते आले होते, आणि ते ६५ मिनिटे घेऊन गेले. खानावळीत मी पाच पात्रे बोलकी केली, त्यांतल्या तिघांकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. दाराबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण ते माझ्या लक्षात राहिलेले सर्वांत लाजिरवाणे ५० मिनिटांचे प्रकरण आहे.

छापील वेळ कोणासाठी असते

‘तीन ते चार तास’ हा आकडा खोटा नसतो, पण तो दुसऱ्या टेबलाचा असतो. सुट्या, छोट्या साहसांची परंपराच मुळी खेळाडूंच्या संमेलनांतून आलेली आहे. टीएसआर या कंपनीने १९७४ मध्ये हा खेळ बाजारात आणला, आणि १९७८ मध्ये तिने छापलेली पहिली सुटी साहसे अमेरिकेतील संमेलनात स्पर्धा म्हणून खेळवली गेली होती. स्पर्धेत पात्रे आधीच तयार करून हातात दिली जात, वेळ बांधलेला असे, आणि तो संपला की कोण कुठवर पोचले यावर गुण मिळत. तयार पात्रे, नियम तोंडपाठ असलेले खेळाडू, मजकूर आधी नीट वाचलेला डीएम आणि मध्ये न वाजणारी दाराची बेल, या सगळ्या गोष्टी त्या आकड्यात न सांगता धरलेल्या असतात. यातले जे आपल्याकडे नाही, त्याची किंमत आपल्या घड्याळातून वजा होते.

सर्वांत स्वस्तात सुटणारी गोष्ट पात्रांची. पहिल्यांदा खेळणाऱ्याला टेबलावर बसवून पात्र बनवू दिले तर तास सहज जातो, म्हणून एका बैठकीसाठी पात्रे मीच बनवून ठेवते आणि खेळाडूने फक्त नाव आणि एक खोड ठरवायची. मी तिसऱ्या पातळीची पात्रे देते; पहिल्या पातळीवर लांडग्याच्या दोन चाव्यांत माणूस आडवा होतो आणि मग त्याला वाचवण्यातच वेळ जातो, तर पाचव्या पातळीपासून जादूगाराच्या कागदावर इतके मंत्र असतात की त्याची पाळी आली की तो परीक्षेला बसल्यासारखा कागद उलटसुलट करतो. नियमांचा मूळ संदर्भग्रंथ, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय ४.० परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे श्रेय नमूद करून त्यातील मंत्रांची माहिती मराठीत उतरवलेली चिठ्ठी बनवणे आणि ती इतरांना देणे यात काही गैर नाही. तयार साहसाचा मजकूर मात्र त्याच्या लेखकाचा असतो. तो आपल्या टेबलापुरता मराठीत करावा, वाटत सुटू नये.

साहस शेवटाकडून वाचावे

तयार साहस पहिल्या पानापासून वाचले की सगळेच महत्त्वाचे वाटते, कारण ते वाचायला चांगले वाटावे असेच लिहिलेले असते. म्हणून मी शेवटचे पान आधी उघडते आणि एकच प्रश्न विचारते: हा शेवट घडण्यासाठी खेळाडूंना काय माहीत असायला हवे आणि त्यांच्या हातात काय असायला हवे? माझ्या बुरुजाच्या साहसात उत्तर तीनच गोष्टींचे निघाले. पुजारी जिवंत आहे, त्याला वरच्या मजल्यावर ठेवले आहे, आणि टोळीचा नायक त्याच्याकडून मंदिराच्या तळघराची वाट काढून घेऊ पाहतो आहे. नऊ पानांतील बाकी सगळे या तीन गोष्टी पोचवण्याचे मार्ग होते, किंवा निव्वळ सजावट.

मग त्या तीन गोष्टी ज्या प्रसंगांतून मिळतात तेवढेच ठेवायचे. आमच्या टेबलावर साडेतीन तासांत चार प्रसंग होतात, त्यांत खऱ्या लढाया दोन. यापेक्षा जास्त मी कधीच बसवू शकलेले नाही, आणि आता बसवायचा प्रयत्नही करत नाही. खानावळीची गरज उरली नाही, म्हणून खेळ थेट बुरुजासमोर सुरू केला आणि गावात काय कळले ते तीन वाक्यांत सांगितले. खानावळ गेल्याचे काही जणांना वाईट वाटते, हे मान्य आहे. आमच्यातल्या एकाचा प्रत्येक वीर कुठल्याही राज्यात असला तरी आधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागतोच, आणि ती मिळेपर्यंत राज्य बुडाले तरी त्याला पर्वा नसते. ज्यांना हेच आवडते त्यांच्यासाठी खानावळीतच घडणारे साहस निवडावे. बुरुजाच्या साहसाला खानावळ लावली की ती जकातनाक्यासारखी होते.

कापलेले प्रसंग फेकून देऊ नयेत. कधी उलटेही होते, मंडळी दीड तासात सगळे आटोपतात, तेव्हा तो लांडग्यांचा कागद खिशातून काढता येतो.

जिथे एकच वाट आहे, तिथे खेळ अडकतो

आता ते दार. मजकुरात लिहिले होते की बुरुजाचे लोखंडी दार कुलूपबंद आहे, कुलूप काढायला डीसी २० लागतो (डीसी म्हणजे वीसबाजूंचा फासा आणि पात्राचे कौशल्य यांच्या बेरजेने गाठायचा आकडा), आणि किल्ली गावातील विहिरीच्या कठड्याच्या एका सुट्या दगडाखाली आहे, जो शोधायला डीसी १८ लागतो. खेळाडू विहिरीजवळ गेलेच नव्हते. का जातील? विहीर हा शब्द मी उच्चारला होता तो खानावळीच्या वर्णनात, एकदा, ४:४० वाजता.

चोराचे पात्र खेळणाऱ्याने कुलपाला हत्यार लावले, फासा टाकला, ४ पडले. पुन्हा टाकू का, म्हणाला. मी ‘पुन्हा नाही’ म्हणाले. मग शेजारी बसलेला, जो नेहमीच धडाक्याचा रानटी योद्धा खेळतो, चोराकडे वळून म्हणाला, “काय करलालास बे तिथं? लाथ घाल की!” लाथ घालण्याचा फासा ७ आला. मग दोरी टाकून खिडकीतून जायचे ठरले; खिडकी आहे का, असे त्यांनी मला विचारले, आणि मजकुरात खिडकी नव्हती म्हणून मी नाही म्हणाले. मग दार जाळायचे. लोखंडी आहे. मग भिंत खणायची. मग बाहेर वाट पाहायची, कोणीतरी कधीतरी बाहेर येईलच. कोपऱ्यात बसलेली खेळाडू, जी आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती, तिने मोबाइल काढला. ५० मिनिटे मी छापील मजकुराशी प्रामाणिक राहिले आणि पाच माणसांना एका दारासमोर उभे ठेवले.

यातला दोष फाशांचा नाही. डीसी १८ आणि अधिक ३ चे कौशल्य असेल तर यश येण्यासाठी १५ किंवा त्याहून जास्त पडावे लागते, म्हणजे शक्यता ३० टक्के. पाचही जणांनी प्रयत्न केला असता तर कोणालातरी किल्ली सापडण्याची शक्यता ८३ टक्क्यांच्या घरात गेली असती. पण ते विहिरीजवळ गेले तरच. गेले नाहीत, तर शून्य. तयार साहसात असे ठिकाण आधीच शोधून काढावे: जिथे एकच फासा किंवा एकच सुगावा चुकला की पुढची सगळी पाने बंद होतात. बहुतेक साहसांत अशी एक किंवा दोनच ठिकाणे असतात, आणि वाचताना पेन्सिलने गोल केला तर ती सहज दिसतात.

दुरुस्तीचे दोन मार्ग माझ्या उपयोगाचे ठरले आहेत. पहिला, आवश्यक माहिती किमान तीन ठिकाणी ठेवायची. किल्ली विहिरीच्या कठड्यात आहेच, पण पहारेकऱ्याच्या कमरेलाही एक आहे, आणि पुजाऱ्याच्या मुलीला मागची पडकी भिंत माहीत आहे. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो: फासा फसला तरी दार उघडते, फक्त किंमत बदलते. चोराला ४ पडले, तर कुलूप निघते, पण असा आवाज होतो की वरच्या मजल्यावरची पावले थांबतात. खेळ पुढे जातो, आणि खराब फाशाला अर्थही राहतो. मजकुरात नसलेली खिडकी खेळाडूने मागितली आणि तिने कोणाचे नुकसान होत नसेल, तर भिंतीला खिडकी आहे असे सांगून मोकळे व्हावे. भिंत आपलीच आहे.

लढाईचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ लढाईत जातो, आणि तो का जातो हे आकड्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके इतर कशातून नाही. माझ्या टेबलावर एका खेळाडूची पाळी सरासरी दोन मिनिटे घेते, राक्षसांच्या सगळ्या पाळ्या मिळून मला साडेतीन-चार मिनिटे लागतात, म्हणजे पाच खेळाडूंची एक फेरी तेरा-चौदा मिनिटांची झाली. लढाई किती फेऱ्या चालेल हे मग राक्षस पाडायला किती वार लागतात यावर ठरते.

२०१४ च्या नियमपुस्तकातील गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा) १५ आणि हिट पॉइंट (किती मार बसला की तो पडतो) ७ आहेत. त्याच्याच जातकुळीतल्या, चिलखत घातलेल्या हॉबगॉब्लिनचा आर्मर क्लास १८ आणि हिट पॉइंट ११. पानावर पाहिले तर फरक थोडाच वाटतो. पण अधिक ५ ने वार करणाऱ्या योद्ध्याचा गॉब्लिनवरचा वार ५५ टक्के वेळा लागतो आणि हॉबगॉब्लिनवरचा फक्त ४० टक्के वेळा. लांब तलवारीचा मार आठबाजूंचा फासा अधिक ३ धरला, तर गॉब्लिन बहुधा एका लागलेल्या वारात पडतो, हॉबगॉब्लिनला जवळजवळ नेहमीच दोन लागतात. क्रिटिकल (वीस पडल्यावर मिळणारे दुप्पट माराचे फासे) बाजूला ठेवून हिशेब केला की गॉब्लिन पाडायला सरासरी अडीच वार टाकावे लागतात आणि हॉबगॉब्लिन पाडायला सुमारे पाच. साहसाच्या शेवटी चार हॉबगॉब्लिन पहारेकरी असतील, तर वीस वार, म्हणजे पाच जणांच्या चार फेऱ्या, म्हणजे पंचावन्न मिनिटे. तेच चार गॉब्लिन असतील तर दोन फेऱ्या आणि अर्धा तास. त्यातही त्या पंचावन्न मिनिटांतला निम्म्याहून अधिक वेळ ‘लागला नाही, पुढचा’ असे म्हणण्यात जातो.

म्हणून पहारेकऱ्यांचे वर्णन हॉबगॉब्लिनचे ठेवायचे आणि आकडे गॉब्लिनचे घ्यायचे, ही माझी नेहमीची दुरुस्ती आहे. खेळाडूंना ढाल आणि चिलखत दिसते, फक्त वार लागू लागतात. वाराचा साधा मार कमी होत नाही, कारण दोघांच्याही तलवारीचा सरासरी मार पुस्तकात ५ असाच दिलेला आहे. साथीदार लक्ष्याच्या शेजारी असताना हॉबगॉब्लिनला मिळणारा जास्तीचा मार मात्र बुडतो. गॉब्लिनची दर पाळीला निसटून लपण्याची खोड मात्र घेऊ नये, नाहीतर वाचवलेला वेळ त्यांना शोधण्यात जाईल. झाँबी असतील तर आणखी सावध राहावे. त्यांचा आर्मर क्लास ८ असल्याने वार बहुतेक सगळे लागतात, पण शून्यावर आल्यावरही फासा टाकून पुन्हा एका हिट पॉइंटवर उभे राहण्याचा त्यांना हक्क आहे, आणि रात्री आठ वाजता चौथ्यांदा उठलेल्या झाँबीकडे पाहून कोणालाही भीती वाटत नाही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत पण मिळून वीस-एक मिनिटे देतात. राक्षसांच्या माराचे फासे टाकू नयेत, पुस्तकात छापलेली सरासरी वापरावी. सगळ्या पहारेकऱ्यांचा इनिशिएटिव्ह (लढाईतला पाळीचा क्रम) एकच ठेवावा. पाळी सुरू होताना ‘आता तू, आणि तुझ्यानंतर अमुक’ असे दोघांची नावे घेऊन सांगावे, म्हणजे दुसरा आपला मंत्र आधीच शोधून ठेवतो. आणि राक्षसांनी शेवटच्या थेंबापर्यंत लढू नये. १९८१ च्या बेसिक नियमांत प्रत्येक राक्षसाला २ ते १२ मधला मनोधैर्याचा आकडा दिलेला असे आणि दोन सहाबाजूंच्या फाशांची बेरीज त्याच्या वर गेली की तो पळ काढी किंवा शरण येई. नव्या आवृत्तीत ही गोष्ट ऐच्छिक नियमांत जाऊन बसली आणि त्यामुळे बहुतेकांच्या नजरेतून निसटली. मी तेवढाही हिशेब ठेवत नाही. निम्मे पडले की उरलेले हत्यार टाकतात, आणि शरण आलेला पहारेकरी पुजारी कुठे आहे ते सांगतोही, म्हणजे एक सुगावा फुकटात पोचतो.

इंग्रजी चौकटी

तयार साहसांत खेळाडूंना वाचून दाखवायचा मजकूर चौकटीत दिलेला असतो. तो इंग्रजीत तसाच वाचला तर टेबलावरची हवा शाळेच्या तासासारखी होते, आणि वाचता वाचता मनातल्या मनात मराठी करायला गेले की वाक्ये अर्धवट तुटतात. माझ्या टेबलावर एकाच्या घरची भाषा तेलुगू आहे, एकीची कन्नड, आणि टेबलाची भाषा मराठी. समजले नाही म्हणून पुन्हा विचारणे दर चौकटीला दोनदा तरी व्हायचे. आता मी आदल्या रात्री प्रत्येक चौकटीची तीन वाक्ये करून ठेवते, एक दिसणारे, एक ऐकू येणारे किंवा वासाचे, आणि एक असे की ज्यावर खेळाडूंना काहीतरी करावेसे वाटेल. ‘बुरुजाचे लोखंडी दार बंद आहे. आतून ओल्या राखेचा वास येतो आहे. पायरीवर चिखलाची पावले आहेत, आणि ती आत जाणारीच आहेत.’ यापुढे चौकटीत काहीही लिहिलेले असो, ते खेळाडूने विचारल्यावर सांगावे. माणसांची आणि गावांची न उच्चारता येणारी नावेही त्याच रात्री बदलावीत, कारण खलनायकाचे नाव जर टेबलावर कोणालाच घेता येत नसेल, तर त्याचा उल्लेख सगळे ‘तो’ असा करतात आणि मग कोणता ‘तो’ यात पाच मिनिटे जातात.

शेवट जागेवर थांबलेला नसावा

एवढे सगळे करूनही वेळ घसरतोच, म्हणून खेळ सुरू करतानाच वहीत एक वेळ लिहून ठेवते. साडेसातला संपवायचे असेल तर पावणेसात. पावणेसातला मंडळी कुठेही असोत, त्या क्षणापासून शेवट त्यांच्याकडे चालू लागतो. तयार साहसातील खलनायक बहुधा सातव्या खोलीत हात बांधून उभा असतो आणि वीर येईपर्यंत हलत नाही. त्याला हलवायला कोणाची परवानगी लागत नाही. खाली गडबड ऐकून तो पुजाऱ्याला धरून जिना उतरतो, आणि शेवटची लढाई सातव्या खोलीऐवजी तिसऱ्या खोलीत होते. मधल्या तीन खोल्या गाळल्या गेल्याचे खेळाडूंना कधीच कळत नाही. सातव्या खोलीसाठी छापलेला नकाशा वाया जातो, याची हळहळ फक्त डीएमला असते आणि तीही पहिल्यांदाच.

पाणी आले, दिवे गेले किंवा कोणाला अचानक निघावे लागले, तर पावणेसातची वेळ आधीच आली असे समजावे. एकदा साडेपाचलाच तसे करावे लागले होते. तो शेवट घाईचा झाला, पण झाला.

तेच बुरुजाचे साहस मी पुढच्या मे महिन्यात, सुट्टीला आलेल्या मामेभावंडांसाठी पुन्हा चालवले, कूलरच्या आवाजावर ओरडत. पाचांपैकी तिघांनी फासे पहिल्यांदाच हातात घेतले होते. नोंद अशी: ४:१५ ला बुरुजासमोर सुरुवात. दार १० मिनिटे. चोराला ३ पडले, कुलूप निघाले, आवाज झाला. खालचे दोन पहारेकरी आणि त्यांची विचारपूस, ४० मिनिटे. पन्ह्यासाठी १५ मिनिटे. जिना आणि कोसळलेला मजला, ३५ मिनिटे. पुजाऱ्याच्या कोठडीबाहेर शरण आलेल्या पहारेकऱ्याशी सौदा, २५ मिनिटे. हा प्रसंग मजकुरात नव्हताच, भावंडांनीच तो घडवला. ६:२० ला टोळीचा नायक स्वतःच खाली आला, आणि ७:१० ला तो पडला. “अक्का, तळघरात काय आहे ते पण आजच करू की,” असे धाकटा म्हणाला, पण तोवर आईने ताटे घेतली होती.

त्या पानावरचा सर्वांत मोठा आकडा अजूनही शेवटच्या लढाईचाच आहे, ५० मिनिटे. पहारेकऱ्यांना मी गॉब्लिनचे आकडे दिले होते, पण नायकाचा आर्मर क्लास १८ तसाच राहू दिला आणि भावंडांचे निम्म्याहून अधिक वार त्याच्यावरच वाया गेले. त्या १८ मधले २ ढालीचे आहेत. पुढच्या वेळी पहिल्या फेरीत कोणी त्याच्या हातावर वार करतो म्हणाला, तर त्याची ढाल जिन्यावरून खाली पडणार आहे.